कधीच न गेलेल्या टँकरची तारीख

या गोष्टीला पाच वर्षं होत आली आणि अजून एका माणसापाशीही मी ती बोललेलो नाही. बायकोला नाही. ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी चहा पितो त्या मित्राला नाही. आईनं एकदा विचारलं होतं, तोंड का उतरलंय म्हणून — तिला पित्ताचं कारण सांगून मोकळा झालो. आता तुम्हाला सांगतोय, म्हणजे तुम्ही कुणी लई जवळचे आहात असं समजू नका. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या बसस्टँडवर समोर आलात तरी मान वळवून पुढं जाल, म्हणून सांगतोय. आणि मधेच "अरेरे" करू नका. दया दाखवलेली मला खपत नाही.

कुठून सुरू करू? कम्प्युटरपासून करतो. तिथं निदान मला बोलता येतं.

मी तेरचा. पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली आणि वडील आजारी पडले म्हणून परत आलो. धाराशिवला मोहिते साहेबांची एक छोटी कंपनी आहे, तिथं लागलो. कंपनी म्हणजे काय — एका मेडिकलच्या वर दोन खोल्या, सहा टेबलं आणि खडखड करणारा एक कूलर. पण त्या दोन खोल्यांत मी राजा होतो. पुण्याहून आलेला! मोहिते साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख तशीच करून द्यायचे, आणि मी खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं. बाकीची पोरं मला सर म्हणायची. मी लिहिलेलं कुणी तपासत नव्हतं. कुणाची टाप होती?

मग सुरेखा आली. मुरुमची. बावीस-तेवीस वर्षांची, उमरग्याला शिकलेली, बोलताना शेवटी "की" लावणारी. तिच्या वडिलांचं मुरुमच्या बाजारात दोरखंड-पोत्यांचं दुकान. पोरगी कामाला लागली तेव्हाच त्यांनी तिच्याशी एक बोली केली होती, आणि ती बोली तिनं पहिल्याच आठवड्यात सगळ्या ऑफिसला सांगितली, हसत हसत. दोन वर्षं नोकरी कर. दोन वर्षांत तुझ्याबद्दल कुणाचा एक शब्द कानावर आला नाही, तर लग्न कधी करायचं, कुणाशी करायचं ते तू ठरव. शब्द आला, की त्या दिवशी बोचकं बांधायचं आणि आम्ही दाखवू त्याच्यासमोर बसायचं.

हे नीट ध्यानात ठेवा. मला ते माहीत होतं. नंतर मी जे केलं, ते हे माहीत असताना केलं.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, कंटाळा आला तरी ऐका. आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो तिच्यात प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगावा लागतो — हा आकडा, हे नाव, ही तारीख. आणि एखादी गोष्ट कधी कधी नसूही शकत असेल, तर तेही सांगावं लागतं. तिथं काहीच नाही, रिकामं आहे — त्याला आम्ही नल म्हणतो. शून्य नव्हे बरं का. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजायलाच कुणी गेलं नाही. तर आपण लिहिलेलं तपासणारा एक कंपायलर असतो, आणि तो अशा ठिकाणी अडून बसतो. म्हणतो, ही तारीख रिकामी असू शकते, तू आधी बघितलंस का? तुम्ही लिहायचं — रिकामी असेल तर असं कर, नसेल तर तसं. एकदा असं विचारून घेतलं की त्या "नसेल तर"च्या आत तो तुम्हाला छळत नाही. तिथं तारीख आहेच, हे त्याला कळलेलं असतं. जोवर विचारत नाही तोवर लाल रेघा.

सुरेखाला ह्याची भारी हौस. जिथं तिथं विचारून ठेवायची. रिकामं असेल तर? नसेल तर? मी म्हणायचो, बाई, इतकं कशाला, तारीख असतेच. ती म्हणायची, "असती सर, पर एखाद्या बारीला नसली मंजी?" आणि मान खाली घालून लिहायची तेच.

तिचं बरोबर होतं. इथंच सांगून टाकतो. तिचं बरोबर होतं आणि मला ते कळत होतं, म्हणूनच मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका टँकरच्या ठेकेदाराचं काम आलं. कुठल्या गावाला पाण्याचा टँकर आज जाणार त्याची यादी रोज सकाळी ड्रायव्हरांच्या फोनवर दिसली पाहिजे. गावं जास्त, टँकर कमी. म्हणून नियम साधा ठेवला — ज्या गावाला जाऊन जास्त दिवस झाले ते वर, कालपरवा जाऊन आलो ते खाली. वरची जितकी होतील तितकी करायची, उरलेली उद्यावर. हे मी लिहिलं होतं. मोहिते साहेबांसमोर दाखवत होतो, ठेकेदाराचा मुकादमही बसलेला. आणि सुरेखानं मागून हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"सर, ज्या गावाला टँकर अजून एकदा बी गेला न्हाय, त्याची तारीख कुठून आणायची?"

मी म्हणालो, सगळ्यांची आहे. ती म्हणाली, आज आहे, उद्या नवीन गाव आलं तर? तिनं तिथंच, सगळ्यांदेखत, एक खोटं गाव टाकून दाखवलं. माझा प्रोग्रॅम आडवा झाला. मुकादम हसला. मोहिते साहेब म्हणाले, "पुण्याच्या सरांना मुरुमनं धरलं की!" सगळे हसले. सुरेखाही हसली — वाईट मनानं नव्हे, सगळे हसतायत म्हणून. मी पण हसलो. पण ते हसू माझं मला माहीत आहे. घरी जाऊन बायकोवर विनाकारण खेकसलो होतो.

साहेबांनी ते काम तिच्याकडं दिलं. तिनं नीट केलं. तारीख रिकामी आहे का, आधी विचारायचं — रिकामी असेल, म्हणजे तिथं कधीच कुणी गेलेलं नाही, तर ते गाव सगळ्यांच्या वर. पहिला टँकर त्यांना. उरलेली गावं तारखेप्रमाणं. चार ओळी होत्या. साध्या. मला त्या चार ओळी बघवत नव्हत्या. एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग येतो का माणसाला? मला आला. कुणाची चोरी, मारामारी असं काही सांगेन म्हणून तुम्ही बसला असाल, तर निराश व्हा. चार ओळींची खुन्नस होती माझी.

आता तो दिवस सांगतो. शुक्रवार होता. सुरेखाला मुरुमला जायचं होतं. घरी पाहुणे येणार होते, तिला बघायला. वडिलांनी बोली केली होती खरी, पण एक मावशी आडून बसली होती, नुसतं बघून तर जातील म्हणून. पोरगी सकाळपासून बावरलेली. हातातलं काम तसंच टाकून उठायची, परत बसायची. मोहिते साहेबांनी मला सांगितलं, हिला गाडीवर स्टँडला सोडून ये. सोडली. पावणेबाराची एसटी फलाटाला लागली होती. ती खिडकीत बसली, मला हात केला. मी गाडी वळवली तेव्हा स्टँडवरच्या घड्याळात पावणेबाराला पाच कमी होते. हे घड्याळ मला आजही दिसतं.

परत आलो तर माझा कम्प्युटर बंद. लाइट खालीवर होऊन त्यातलं काहीतरी जळालं होतं. दोनला ठेकेदार स्वतः येणार होता बघायला. सुरेखाचं टेबल मोकळं होतं. आमच्याकडं सगळे असेच करायचे — ज्याचा मोकळा त्याच्यावर बसायचं, पासवर्ड सगळ्यांचे सगळ्यांना पाठ, कोण कधी कुठं बसलं ते कुणी ध्यानात ठेवत नव्हतं. मी बसलो.

आणि बसल्यावर काय केलं? जे दाखवायचं होतं ते चालत होतं. हात लावायची गरज नव्हती. पण मला त्यात माझा हात पाहिजे होता. ठेकेदारासमोर "हे मी सुधारलं" म्हणता आलं पाहिजे होतं. म्हणून मी तिची ती गावं लावायची पद्धत उचलली आणि माझ्या पद्धतीनं, वेगळ्या जागी नेऊन लिहिली. नेली ती तिच्या त्या विचारण्याच्या बाहेर. झालं! कंपायलर खवळला. अकरा ठिकाणी लाल रेघा. ही तारीख रिकामी असू शकते. ही रिकामी असू शकते. बघितलंस का? बघितलंस का? मला तो सुरेखाच्याच आवाजात बोलतोय असं वाटायला लागलं, खरं सांगतो.

तिथं काय करायचं ते मला येत होतं. तिच्या चार ओळी परत आणायच्या, दहा मिनिटांचं काम. मी त्या चार ओळी पुसल्या. आणि त्यांच्या जागी एक ओळ लिहिली — तारीख रिकामी असेल तर आजची धर.

लाल रेघा गेल्या. कंपायलरला काय, त्याला तारीख पाहिजे होती, तारीख मिळाली. खरी का खोटी ते त्याला कुठं कळतंय? मी ते पाठवून दिलं. जे पाठवलं त्याच्यापुढं कुणी पाठवलं, किती वाजता, हे आपोआप लिहिलं जातं. सुरेखाच्या कम्प्युटरवरून गेलं म्हणून नाव सुरेखाचं. वेळ बारा वाजून बावीस मिनिटं. तेव्हा ह्याच्याकडं माझं लक्षही नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर जे केलं ते मुद्दाम केलं आणि दोन्हींची मला सरमिसळ करायची नाही. दोनला ठेकेदार आला तो यादीवर नुसती नजर टाकून घाईत निघून गेला, "हे मी सुधारलं" म्हणायचं राहूनच गेलं.

त्या एका ओळीचा अर्थ तुमच्या ध्यानात आला का? ज्या गावाला टँकर कधीच गेला नाही, त्याची तारीख आजची. म्हणजे यादीला वाटणार, इथं आजच पाणी पडलंय. म्हणजे ते गाव सगळ्यात खाली. उद्या बघितलं तर उद्याची तारीख, परवा परवाची. वर यायचा प्रश्नच नाही.

दीड महिना काही झालं नाही. सगळी गावं जुनी होती, सगळ्यांच्या तारखा होत्या. मग एप्रिलमध्ये तेरच्या पुढची एक धनगरवस्ती यादीत आली. पंधरा-सोळा घरं, शेळ्यामेंढ्या. त्यांची स्वतःची विहीर होती, आजवर त्यांनी कधी टँकर मागितलाच नव्हता. त्या साली विहिरीनं तळ दाखवला म्हणून पहिल्यांदा मागितला.

अकरा दिवस टँकर गेला नाही.

माणसं फोन करत होती. ड्रायव्हर म्हणायचे, तुमचं नाव पार खाली हाय, आमी काय करावं? यादीत आहे ते खरं. कम्प्युटरचं आहे ना. अकराव्या दिवशी काशीबाई नावाची बाई, पन्नाशीची असेल, तळाचा गाळमिश्रित हंडाभर आणायला विहिरीत उतरली आणि तिसऱ्या टप्प्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला. पण शेळ्यांमागं चालणारी बाई ती. तिला आता काठीशिवाय उभं राहता येत नाही.

ठेकेदार ऑफिसात आला तो शिव्या देतच. मोहिते साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सगळ्यांना एका टेबलाभोवती उभं केलं आणि मला म्हणाले, बघ, ही ओळ कुणी लिहिली. मी बघितलं. पडद्यावर आलं सुरेखाचं नाव. तारीख, वार, बारा बावीस.

मला काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. पहिलं तेच वाटलं. काशीबाई नंतर आली मनात. लई नंतर.

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं — साहेब, त्या दिवशी तिच्या टेबलावर मी बसलो होतो. शिव्या खाल्ल्या असत्या, इज्जत गेली असती. नोकरी गेली असती का? नसती गेली. पुण्याचे सर होतो ना. म्हणजे नोकरीच्या भीतीनं गप्प बसलो म्हणायचीही मला सोय नाही. मी सुरेखाकडं बघितलं आणि म्हणालो, "त्या दिवशी तू जरा घाईत होतीस."

एवढंच म्हणालो. आवाजही चढवला नाही. अगदी समजून घेतल्यासारखं.

ती पडद्याकडं बघत राहिली. तिला पटेना. असं मी लिव्हणार न्हाय, असं दोनदा पुटपुटली. साहेब ओरडले, तुझं नाव आहे तिथं, भूत आलं होतं का लिहायला? मग तिनं आठवायला सुरुवात केली, माझ्या डोळ्यांदेखत. ती सकाळ, ते पाहुणे, अर्धवट टाकलेलं काम. आणि मग वळून तिनं मला विचारलं. मलाच! खोलीत तिला खरं सांगेल असं वाटावं असा मी एकच होतो.

"सर, तुमीच सोडलं व्हतं की मला स्टँडवर. किती वाजलं व्हतं?"

इथंपर्यंत यायला मला एवढी पानं लागली. कंपायलर, नल, टँकर — हे सगळं ह्या एका प्रश्नाला टाळायला सांगत बसलो होतो, तुम्हाला कळलंच असेल. पावणेबारा म्हटलं असतं तर ती सुटली असती. बारा बावीसला ती तुळजापूरच्या रस्त्याला होती. एवढं एकच घड्याळ तिच्या बाजूनं होतं आणि ते माझ्यापाशी होतं.

मी म्हणालो, "एक वाजला असंल."

"असंल" म्हणालो. ठाम नाही म्हणालो. पुढंमागं कुणी पकडलंच तर अंदाज चुकला म्हणता यावं म्हणून. तेवढी अक्कल त्या क्षणीही शाबूत होती. बघा किती हुशार माणूस आहे मी.

तिचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. रडली नाही. तिनं मान हलवली, हळूच, एखादं गणित सुटल्यावर हलवतात तशी. म्हणाली, मग मीच केलं असंल. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं त्या दिवशी. आणि तिथून पुढं तिनं स्वतः त्यावर कधीच शंका घेतली नाही. दुसऱ्याच्या लिहिण्यात जिथं तिथं शंका काढणारी पोरगी. माझ्या शब्दावर तिनं स्वतःची आठवण सोडून दिली.

अजून आहे. संपलं म्हणून उठू नका.

दोन दिवसांनी ती मला म्हणाली, सर, मला त्या बाईंची माफी मागायची आहे, एकटीला जायचं धाडस होत नाही. मी नेलं. गाडीवर मागं बसवून, तेरच्या पुढं, फुफाट्यातून. तिनं एक साडी घेतली होती, मोसंबी घेतली होती. काशीबाई बाजेवर होती, पायाला प्लास्टर, कडेला दोन शेळ्या बांधलेल्या. सुरेखानं तिच्या पायाशी डोकं टेकवलं आणि सांगितलं, बाई, माझ्या हातनं चूक झाली, माझ्यामुळं तुमच्याकडं पाणी आलं न्हाय. काशीबाईला कम्प्युटरमधलं काय कळणार? ती म्हणाली, "तू गं बाई कशाला रडती? तुझ्या हातात काय टँकरचं इष्टेअरिंग हाय व्हय?" आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "लेकरू गुणाचं हाय. संभाळून न्या तिला."

मी दारात उभा होतो. चपला काढल्या नव्हत्या. पाणी देऊ का म्हणून तिच्या सुनेनं विचारलं, तर मी नको म्हणालो. तिथलं पाणी मला घशाखाली उतरलं नसतं, असं काहीतरी सुंदर मला इथं लिहिता येईल. खरं कारण हे की मला लवकर निघायचं होतं. माझी हुज्जत त्या वस्तीशीही चालली होती मनातल्या मनात — एवढे दिवस फोन करत बसले, तालुक्याला येऊन बोंब का मारली नाही? लवकर मारली असती तर एवढं झालं नसतं. चूक करणारा माणूस किती जणांवर चिडू शकतो, हे मला तिथं कळलं.

मोहिते साहेबांनी तिला काढलं. कुणीतरी दाखवायला पाहिजे होतं ठेकेदाराला. मुरुमला वडिलांना बातमी गेली, आणि बातमी गावात पोचेपर्यंत तिचं काय काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मुलीच्या हातनं एक बाई विहिरीत पडली, इथंपर्यंत गेलं म्हणे. तिच्या नोकरीला चौदा महिने झाले होते. बोली दोन वर्षांची होती. बोचकं बांधताना तिनं ऑफिसातल्या सगळ्यांना पेढे दिले. म्हणाली, लग्न ठरलंय, तेच पाहुणे. मला पेढा देताना म्हणाली, सर, तुमी एका शब्दानं बोलला न्हाय मला, ते विसरणार न्हाय.

मी तो पेढा खाल्ला.

आता तुम्ही विचाराल, पाच वर्षांत एकदाही वाटलं नाही? वाटलं ना. तिचा नंबर काढून ठेवला होता दोनदा. पण खरं काय सांगू — वाईट वाटण्यापेक्षा मला तिचा राग जास्त येतो. अजून येतो. प्रत्येक ठिकाणी विचारून ठेवणारी तू, मग मला का नाही विचारलंस दुसऱ्यांदा? बसचं तिकीट का नाही जपून ठेवलंस? पाहुणे किती वाजता आले, तू घरी कधी पोचलीस, घरच्यांना का नाही विचारलंस? एक फोन केला असतास तर मी उघडा पडलो असतो. तू इतकी सरळ का वागलीस माझ्याशी? — असा राग. ज्याचं आपण नुकसान केलं त्याच्यावरच असा राग येतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मी काय वेगळं केलं असतं?

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. मी नाव बघून तीन वेळा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. मुरुमला ती आता मुलींना कम्प्युटर शिकवते, एक खोली भाड्यानं घेऊन. पहिल्या तुकडीला प्रमाणपत्रं द्यायची होती. म्हणाली, सर, पाहुणे म्हणून तुमीच या, दुसरं कुणी नको. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. गेलो.

पंचवीसेक मुली सतरंजीवर बसलेल्या. भिंतीला फुगे. सुरेखा जाड झाली होती, कडेवर पोरगी. पोरीला जावेकडं देऊन ती बोलायला उभी राहिली आणि मुलींना तिनं ती गोष्ट सांगितली. सगळी. टँकर, वस्ती, अकरा दिवस, काशीबाईचा पाय. फक्त त्यात "मी" म्हणत होती ती. मी घाईत होते. मी विचारायचं सोडून दिलं. मी आजची तारीख भरली. म्हणून पोरींनो, रिकामं असेल तर रिकामं म्हणायला लाजू नका, पहिल्या दिवशी तुम्हाला हेच शिकवलं ते ह्याच्यामुळं. एवढं बोलून तिनं माझ्याकडं हात केला. म्हणाली, साहेब ओरडले तेव्हा ह्या सरांनी मला सांभाळून घेतलं, माफी मागायला स्वतः गाडीवरनं घेऊन गेले. सर, दोन शब्द बोला मुलींना.

माईक माझ्या हातात दिला. मुली बघत होत्या. सुरेखाही बघत होती, हसून, डोळ्यांत पाणी आणून.

मी म्हणालो, स्वतःची चूक अशी चारचौघांत कबूल करायला फार मोठं मन लागतं, ते तुमच्या मॅडमकडं आहे.

टाळ्या पडल्या. सुरेखानं पदरानं डोळे टिपले, माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि मी वाकून ती शाल नीट घालून घेतली.